रसायनाची संथा

ढुंढिराजशास्त्र्यांनी एबीसीडी शिकायला घेतली ती वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, आणि आठ दिवसांत ती सुलट-उलट पाठ करून मोकळे झाले. माणूस घनपाठी. म्हणजे वेदातलं एकेक पद पुढून, मागून, जोडीनं, तिकडीनं, ठरल्या क्रमानं फिरवून म्हणणार आणि कुठं काना इकडचा तिकडे होऊ देणार नाही. अशा माणसाला सव्वीस अक्षरांचं काय एवढं? पण काशीच्या बालाजी घाटावरच्या गल्लीतल्या मराठी मंडळींना त्याची भारी गंमत वाटली. ‘घनपाठी म्हातारपणी साहेब होणार,’ म्हणून लोक हसून घेत. हसणाऱ्यांपैकी एकाच्याही मुलीनं हाईस्कूलच्या पुढं पाऊल टाकलेलं नव्हतं, ते मात्र कुणी बोलत नसे.

ही एबीसीडी मुलीसाठी होती. बकुळ त्यांची एकुलती एक. चौसष्ट साली ती हाईस्कूल, म्हणजे तिकडची दहावी, पहिल्या वर्गात पास झाली, आणि रसायनात तर शाळेत पहिली आली. तिला आता इंटरला, म्हणजे पुढच्या दोन वर्षांना, सायन्स घ्यायचं होतं. मुलींच्या ज्या कॉलेजात सायन्स होतं तिथं जागा वीस आणि अर्ज दीडशेवर. म्हणून जुलैत प्रवेशपरीक्षा व्हायची, एक लेखी आणि एक तोंडी, दोन्ही रसायनाच्या आणि दोन्ही मागं शिकलेल्या भागावर. इंटरचं रसायन भल्याभल्यांना रडवतं, तेव्हा पाया पक्का असलेल्या मुलीच आत घ्यायच्या, असा तिथल्या रसायनाच्या बहनजींचा, म्हणजे शिक्षिकेचा, खाक्या होता.

इकडे श्रीरामपंत, म्हणजे शास्त्रीबुवांचे मेहुणे, उज्जैनहून कार्डामागून कार्ड धाडत होते. स्थळ चांगलं आहे, मुलगा बँकेत आहे, माणसं थांबायला तयार नाहीत. शेवटी मे महिन्यात ते स्वतःच येऊन बसले. शास्त्रीबुवांनी त्यांना शब्द दिला, ‘यादीत बकूचं नाव लागलं तर दोन वर्षं या घरात लग्नाचा विषय निघणार नाही. नाही लागलं, तर उज्जैनला होकार कळवा.’ बकुळ तेव्हा आतल्या खोलीत गहू निवडत होती. तिनं सगळं ऐकलं. तिला काय वाटतं ते विचारायची पद्धत त्या घरात नव्हती, आणि खरं सांगायचं तर गल्लीतल्या कुठल्याच घरात नव्हती.

एक मात्र मान्य करायला हवं. मुलीच्या पाठीशी उभं राहायचं ठरवल्यावर शास्त्रीबुवा अर्धवट उभे राहिले नाहीत. रसायन म्हणजे काय याचा त्यांना गंध नव्हता, पण पाठ कसा पक्का करून घ्यायचा हे त्यांच्याइतकं काशीत फार थोड्यांना माहीत होतं. त्यांनी मुलीचं हिंदीतलं पुस्तक ताब्यात घेतलं, त्यातली इंग्रजी अक्षरं वाचता यावीत म्हणून आधी स्वतः एबीसीडी शिकले, आणि जूनच्या पहिल्या दिवसापासून पहाटे घाटाच्या पायरीवर संथा सुरू केली.

संथा म्हणजे गुरूनं एकदा म्हणायचं आणि शिष्यानं दोनदा. मग त्याच्या आवृत्त्या, दहा, वीस, चूक झाली तर पन्नास. शास्त्रीबुवा स्नान आटोपून ओल्या पंचानंच बसत आणि पुस्तक डोळ्यांजवळ धरून सांगत. बकुळ समोर मांडी घालून म्हणे. परमाणू, अणू (हिंदीतले, म्हणजे आपल्याकडचे अणू, रेणू), संयोजकता, म्हणजे कुणाला जोडायचे हात किती ते, सगळं आलं. हायड्रोजन एक, ऑक्सिजन दोन, अॅल्युमिनियम तीन. हे सरळ आलं की घनाच्या चालीवर. हायड्रोजन ऑक्सिजन, ऑक्सिजन हायड्रोजन, हायड्रोजन ऑक्सिजन अॅल्युमिनियम, अॅल्युमिनियम ऑक्सिजन हायड्रोजन. सूत्रांतल्या अक्षरांच्या पायाशी बारीक आकडे असतात, ते त्यांना वेदाच्या पोथीतल्या स्वरांच्या खुणांसारखे वाटले आणि त्यांनी ते तितक्याच धाकानं पाळले.

‘का गुरू, ई कौन वेद हौ?’ एका नावाड्यानं एकदा खालून विचारलं.

‘पाँचवाँ,’ शास्त्रीबुवा म्हणाले, आणि दिवसभर आपल्याच उत्तरावर खूश होते.

पहिले काही दिवस बकुळ मधेमधे समजावून सांगायची. ‘अप्पा, पाणी असं का लिहितात माहितीये? हायड्रोजनचा हात एक, ऑक्सिजनचे दोन. मग एका ऑक्सिजनला दोन हायड्रोजन लागणारच ना!’ सांगताना तिचा चेहरा उजळायचा, हात हवेत फिरायचे. शास्त्रीबुवा पुस्तकावरचं बोट न हलवता ऐकून घेत आणि म्हणत, ‘असेल. पुढं म्हण.’ त्यांना ते कौतुकाचं वाटे, पण पाठाच्या मधे बोलणं हे काही बरोबर नव्हे.

ठिणगी पडली ती जूनच्या मध्यावर. धडा ऑक्सिजन तयार करण्याचा होता. पोटॅशियम क्लोरेट तापवलं की ऑक्सिजन सुटतो, असं काहीतरी, आणि खाली त्याचं समीकरण. बकुळनं ते एका दमात म्हटलं आणि शेवट केला, ‘धन तीन ओ-टू.’

‘थांब. दोन ओ-टू.’

‘तीन, अप्पा.’

‘इथं दोन छापलंय.’

‘छापणाऱ्याची चूक आहे. हे बघा ना, डावीकडे ऑक्सिजनचे सहा परमाणू आहेत. उजवीकडे दोननं चारच होतात. दोन्हीकडं सारखे यायला हवेत, नाहीतर उरलेले दोन गेले कुठं?’

‘गंगेत गेले,’ शास्त्रीबुवा म्हणाले. ‘तू पाठ म्हण.’

‘पण चुकीचं कसं म्हणू?’

आता शास्त्रीबुवांचा पारा चढला. वडिलांना उलट प्रश्न विचारला एवढ्याचसाठी नव्हे. पाठ विसरणारा शिष्य त्यांनी आयुष्यभर सोसला होता, पण पाठ सुधारणारा शिष्य त्यांना डोळ्यांसमोर चालत नसे. आज एकानं आपल्या अकलेनं एक अक्षर बदललं, उद्या दुसऱ्यानं बदललं, तर हजारो वर्षं जपलेल्या गोष्टीचं काय उरलं असतं? त्यांच्या परीनं ते बरोबरच होतं. फक्त हातात वेद नव्हता, एका छापखान्यानं घाईत काढलेलं हाईस्कूलचं पुस्तक होतं, आणि हा फरक त्या घडीला त्यांच्या ध्यानात आला नाही.

‘पुस्तक लिहिणाऱ्यापेक्षा तू शहाणी झालीस? शंभर आवृत्त्या कर. दोन म्हणून.’

बकुळनं शंभर आवृत्त्या केल्या. ऊन पायऱ्या उतरून खाली आलं तरी ती म्हणत होती. साठाव्या आवृत्तीच्या आसपास तिचा आवाज सपाट झाला तो तसाच राहिला. घरी आल्यावर कालिंदीबाईंनी, म्हणजे तिच्या आईनं, हकिगत ऐकली आणि पोळी लाटता लाटता म्हणाल्या, ‘अहो, पोर एवढं सांगतेय तर एकदा मोजून बघा की.’

‘तू पोळ्या मोज,’ शास्त्रीबुवा म्हणाले.

त्या दिवसानंतर बकुळनं काही समजावून सांगितलं नाही. हात हवेत फिरायचे बंद झाले. ते सांगतील ते म्हणायची, म्हणायला सांगतील तितक्या वेळा म्हणायची. शास्त्रीबुवांना वाटलं, पोर स्थिर झाली. वाटलं काय, त्यांनी तसं चार लोकांना सांगितलंसुद्धा. ‘आता अडखळत नाही हो. वाहत्या पाण्यासारखं म्हणते.’

लेखी परीक्षा झाली. ‘कसा गेला पेपर?’ तर ‘बरा.’ एवढंच. चार दिवसांनी तोंडी. त्या वर्षी पाऊस लांबला होता, आणि त्या दिवशी अशी लू, म्हणजे तापलेला वारा, चालली होती की पालकांना व्हरांड्यात उभं करणं म्हणजे भाजून काढणंच. म्हणून प्रयोगशाळेतच मागच्या भिंतीला बाकं टाकून त्यांना बसवलं. शास्त्रीबुवा पगडी, उपरणं, हातात छत्री अशा थाटात पहिल्या बाकावर बसले. समोर लांबलचक टेबलं, काचेच्या नळ्या, नाकात झोंबणारा कसलासा वास, आणि टोकाला फळ्याजवळ खुर्चीवर बहनजी. चाळिशीच्या, किडकिडीत, पांढरी साडी, चष्मा.

मुली एकामागून एक जात होत्या आणि अडखळत होत्या. कुणी रडली. शास्त्रीबुवांना त्यांची कीव आली आणि, खोटं कशाला बोला, थोडा आनंदही झाला. बकुळची पाळी आली. बहनजींनी संयोजकता विचारली, तिनं धडाधड सांगितली. अणू आणि परमाणू यांतला फरक विचारला, तो पुस्तकातल्या शब्दांत सांगितला. बहनजींनी मान वर करून तिच्याकडं नीट पाहिलं. शास्त्रीबुवांची छाती फुगली.

‘अच्छा, अब बोर्ड पर लिखो. पोटैशियम क्लोरेट से ऑक्सीजन.’

बकुळनं खडू घेतला. डावी बाजू लिहिली, बाण काढला, उजवीकडचं अर्धं लिहिलं. धन चिन्ह काढलं. आणि तिचा हात थांबला.

‘हाँ, आगे?’

बकुळनं मान वळवून मागं वडिलांकडं पाहिलं.

आता पाठशाळेची एक रीत आहे. शिष्य म्हणता म्हणता अडला की गुरूनं बोटानं खूण करायची. त्यात चोरी नाही, लबाडी नाही. भर सभेत, शंभर वैदिकांच्या देखत करतात. शास्त्रीबुवांनी ती रीत पाळली. उजवा हात मांडीवरून उचलला आणि दोन बोटं उभी केली.

बकुळनं फळ्यावर दोन लिहिलं.

‘एक बार गिन लो,’ बहनजी म्हणाल्या.

बकुळ फळ्याकडं बघत राहिली. ‘सोच लो. यही रखना है?’ बहनजींनी पुन्हा विचारलं, आणि बकुळनं पुन्हा मागं पाहिलं. शास्त्रीबुवांना वाटलं, बाई पोरीला हलवून बघतेय, सभेत पंडित बघतात तशी. त्यांनी ठामपणे मान डोलावली.

‘जी,’ बकुळ म्हणाली. ‘यही.’

घरी येताना शास्त्रीबुवांनी तिला वाटेत थंडाई पाजली. ‘एकदा अडलीस, पण डगमगली नाहीस,’ म्हणाले. तिनं पेला रिकामा करून ठेवला.

यादी लागली तेव्हा त्यांनी ती तीनदा वाचली, वरून खाली आणि खालून वर. वीस नावं होती. बकुळ नव्हती. आपली मुलगी, जिचा एक शब्द चुकला नाही, ती नाही, आणि जी रडली होती तिचं नाव आहे! शास्त्रीबुवांना संताप आवरेना. हा सरळ अन्याय होता, आणि त्यांच्याजवळ छापील पुरावा होता. ते घरी गेले, पुस्तक काखोटीला मारलं आणि तसेच उलट पावली कॉलेजात जाऊन बहनजींसमोर उभे राहिले.

‘मेरी लड़की ने जो लिखा, अक्षर अक्षर यही लिखा है,’ त्यांनी पान उघडून टेबलावर आपटलं. ‘देख लीजिए.’

बहनजींनी पाहिलं. मग पुस्तक त्यांच्याकडं फिरवलं आणि हातात पेन्सिल दिली. ‘पंडितजी, आप ही गिनिए. इधर ऑक्सीजन कितने?’

शास्त्रीबुवांनी मोजलं. पायाशी तीन आणि पुढं दोन. दोन त्रिक सहा. उजवीकडं पायाशी दोन आणि पुढं दोन. चार. त्यांनी पुन्हा मोजलं. आकडे काही बदलले नाहीत. जन्मभर लाखो पदांची मोजदाद ठेवणाऱ्या माणसाला हे मोजायला दहा श्वाससुद्धा लागले नव्हते.

‘छपाई की गलती है,’ बहनजी म्हणाल्या. ‘हर साल बीस लड़कियाँ यही रटकर आती हैं.’ मग त्या उठल्या, कपाटातून गठ्ठा काढला, त्यातली एक उत्तरपत्रिका त्यांच्यासमोर ठेवली. ‘ये देखिए.’

बकुळचं अक्षर होतं. तेच समीकरण लेखी परीक्षेतही आलेलं होतं, आणि तिनं तिथं तीन लिहिलं होतं. स्वच्छ, न खोडता. खाली तिनं कुणी विचारलं नसताना एक ओळ जोडली होती, की पुस्तकात दोन छापलं आहे ते चूक आहे, कारण दोन्ही बाजूंचे परमाणू सारखे असले पाहिजेत.

शास्त्रीबुवा ती ओळ पुनःपुन्हा वाचत राहिले.

‘मैंने आपकी उँगलियाँ देखी थीं,’ बहनजी म्हणाल्या. ‘इसीलिए दो बार पूछा. उसे आता था. मुझे देखना था कि वो अपनी गिनती मानेगी या आपका हाथ. मुझे बहुत गुस्सा आया, पंडितजी. मैंने ज़ीरो दे दिया. दो नंबर से रह गई.’ त्यांनी उत्तरपत्रिका परत गठ्ठ्यात सरकवली. ‘शायद नहीं देना चाहिए था. अब तो लिस्ट टँग गई. अगले साल भेजिए.’

पुढच्या वर्षी कसं पाठवणार? शब्द दिला होता. मे महिन्यापासून घरातच मुक्काम ठोकलेल्या श्रीरामपंतांनी यादीची बातमी कळताच उज्जैनला तारही केली होती. शास्त्रीबुवा बाहेर पडले ते कुठल्या गल्लीनं घरी आले हे त्यांना सांगता आलं नसतं. स्वतःची लाज वाटत होती, आणि ती लाज त्यांना नवीन होती.

बकुळ गच्चीवर कपडे वाळत घालत होती.

‘बकू, तुला ठाऊक होतं. तीन.’

‘हो.’

‘मग फळ्यावर दोन का लिहिलंस?’

तिनं त्यांच्याकडं असं पाहिलं, जणू हे काय विचारताय. ‘तुम्ही दोन बोटं दाखवलीत,’ ती म्हणाली आणि बालदीतलं पुढचं धोतर पिळायला घेतलं.

त्यांना वाटलं होतं, ती रडेल. बोलेल, भांडेल, निदान पायरीवर भांडली होती तेवढी तरी. तिच्या आवाजात त्यांनी राग शोधला. तो सापडला असता तर त्यांना बरं वाटलं असतं. जिन्यावरून उतरता उतरता त्यांनी मनाशी पक्कं केलं की यापुढं या मुलीला काय बोलायचं ते मी सांगणार नाही. बोटानंही नाही.

श्रावणाच्या आधी उज्जैनचे पाहुणे आले. मुलगा, त्याची आई आणि वडील. वडील शाळामास्तर म्हणून निवृत्त झालेले, बोलायला मऊ माणूस. पोहे झाले, कुळं-मुळं झाली. बकुळ खाली मान घालून बसली होती, समोर शास्त्रीबुवा, शेजारी श्रीरामपंत. मास्तरांनी तिच्याकडं वळून सहज विचारलं, ‘मुली, सायन्सला जायचं होतं म्हणे तुला? अजून इच्छा आहे का? आमच्या घरापासून कॉलेज दहा मिनिटांवर आहे. मी स्वतः नाव घालून देईन. लग्न झालं म्हणून काय झालं?’

श्रीरामपंतांनी चमकून पाहिलं. दाराआड कालिंदीबाईंच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या.

बकुळनं मान वर केली. मास्तरांकडं नाही, वडिलांकडं. त्यांच्या चेहऱ्याकडंही नाही, त्यांच्या उजव्या हाताकडं.

शास्त्रीबुवांनी हात उपरण्याखाली ओढून घेतला. बोल, ते मनात म्हणत होते. हो म्हण. तुझ्या तोंडानं म्हण, बाई, एकदाच म्हण. उपरण्याखाली त्यांची मूठ घट्ट आवळलेली होती. त्यांनी ठरवलं होतं, आणि ठरवलेलं ते मोडत नसत.

कपडे वाळत घालताना बकुळच्या चेहऱ्यावर जे होतं तेच आताही होतं. उपरण्याच्या काठावर तिची नजर बराच वेळ राहिली. मग तिनं मान पुन्हा खाली घातली.

‘लाजली,’ मुलाची आई हसून म्हणाली. ‘नसेल हो इच्छा. आणि असं वडिलांकडं बघून बसणारी मुलगी हल्ली मिळते का कुठं?’

‘गुणी आहे,’ मास्तर म्हणाले, आणि त्यांनी तो विषय सोडला.

शास्त्रीबुवांनी हात बाहेर काढला तेव्हा श्रीरामपंतांनी पत्रिका उघडल्या होत्या, आणि बकुळ सगळ्यांच्या रिकाम्या बश्या गोळा करत होती.